डावा घोटा

कुत्रं झोपलं होतं शेडच्या पायरीवर.
त्याची झोप मोडू नये म्हणून
मी पाय जरा लांब टाकला.
त्याची मोडली नाही.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला,
म्हणाले, हाड शाबूत आहे,
इतक्या आनंदानं, जणू ते त्यांनीच घडवलंय.
तीन आठवडे. उशी. बर्फ.
मोडलं असतं तर प्लास्टर तरी दाखवता आलं असतं,
नुसत्या मुरगळण्याला मान नसतो.
भेटायला आलेला मुचंडी
बँडेजकडे बघून म्हणाला, "एवढंच होय गा?"
आणि अर्धा चहा ठेवून गेला.

वडगावातल्या आमच्या गल्लीला दुपार नसतेच.
सकाळी आठला माग सुरू होतात
ते लाईट जाईपर्यंत,
आणि लाईट गेली की कळतं
आपण इतका वेळ ओरडत होतो.
सव्वीस वर्षं मी त्या आवाजाच्या आत उभा होतो.
बाहेरून ऐकतोय तो आत्ता,
आडवा पडून, घोटा काळजापेक्षा उंच.
काळजापेक्षा उंच, हे डॉक्टरांचे शब्द.
एवढं वर या पायाला
कुणीच कधी बसवलं नव्हतं.

भिंतीपलीकडे बसाप्पाचे चार माग.
पहिला दमेकरी. दुसरा सरळ माणूस.
चौथ्यावर इराण्णा, नवा पोरगा,
धागा तुटायच्या आधीच मशीन बंद करतो.
तिसऱ्याचं मात्र काहीतरी दुखतंय.
खट् खटाक्, खट् खटाक्,
आणि दर नवव्या फटक्याला
एक पाऊल अडखळतं.
पट्टा सैल पडलाय, नाहीतर वॉशर गेलाय.
शेवंताला म्हटलं, जाऊन सांग बसाप्पाला.
ती म्हणाली, पाय हलवायचा नाही म्हणून सांगितलंय तुम्हाला.
तोंडही त्यातच धरा.

चौथ्या दिवशी घोटा जांभळा,
सहाव्या दिवशी कडेनं हिरवा,
आणि मध्ये एक पिवळा, ज्याला आमच्या धंद्यात नाव नाही.
मालकानं असं पातळ विणायला सांगितलं असतं
तर मी म्हटलं असतं,
हा रंग चालायचा नाही.

दिवे लागताना नीलव्वा येते
वाटीत आंबेहळद घेऊन, वर तुरटीची चिमूट.
तिला मराठी कळतं, मला कन्नड कळतं,
म्हणून ती कन्नडात बोलते, मी मराठीत,
तीस वर्षांत दोघांपैकी कुणाचं काही अडलेलं नाही.
लेप वाळला की मी उठतो, भिंत धरत,
मोरीकडे. पूर्वी पाच पावलं होती,
आता मोजायला लाज वाटते.
मागून ती म्हणते, "निधान री. निधान."
सावकाश, म्हणते ती.
आमच्यात निधान म्हणजे
पुरून ठेवलेलं धन.
मधल्या उंबऱ्याशी मी थांबलो,
एका पायावर बगळ्यासारखा,
तिचा शब्द आणि माझा शब्द
दोन्ही सांभाळत.
मग उरलेला पाय टेकवला.
दुखलं, पण ओळखीचं दुखलं.

नवव्या दिवशी इराण्णा खिडकीशी आला.
"काय करूलालाय ओ काका?"
"ऐकूलालोय."
त्याला वाटलं, मी वैतागून बोललो.
म्हटलं, तिसऱ्याचा पट्टा बघ, आतल्या बाजूनं,
वॉशर झिजलेला असणार,
आणि बसाप्पाला सांगू नको मी सांगितलं म्हणून.
तो पळत गेला.
पळणं किती सोपं दिसतं मागून.

तिसरा बंद पडला.
तीन मागांच्या आवाजात एक भोक राहिलं
बराच वेळ.
शेवंता तांदूळ निवडताना थांबून म्हणाली,
"लाईट गेली का?"

मग तो सुरू झाला.
मी डोळे मिटून मोजू लागलो,
बँडेजच्या टोकाशी अंगठा आपसूक हलत.
सात. आठ.
नऊ.
दहा.
पुढं मोजायचं राहून गेलं.

कुत्रं आता आमच्या दारात झोपतं.
शेवंता वळसा घालून जाते.